झोपलेल्यांची मोजणी

साहेबांसमोर 'साधारण' हा शब्द काढायची सोय नव्हती. "पंधरा-वीस माणसं पाठवतो," असं मी म्हणालो की ते चष्म्यावरून बघत आणि विचारत, "पंधरा की वीस?"

"अहो साहेब, उद्या सकाळी कोणाला ताप येतो, कोणाचं पोट बिघडतं, ते आज कसं सांगू?"

"मग उद्या सकाळी सांगा. तोपर्यंत मी कागदावर लिहीत नाही."

आणि खरोखर लिहीत नसत. हातात पेन उघडं धरून बसलेला हा माणूस बघितला की माझं डोकं फिरायचं.

दुबईच्या उत्तरेला, रास अल खैमात डोंगराच्या पायथ्याशी एक सिमेंटचा कारखाना होता, तिथल्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख. मूळचे पुण्याचे. बायको आणि मुलीसह कंपनीच्या कॉलनीत राहायचे. मी त्याच कारखान्यात परांच्या बांधायचे ठेके घ्यायचो, तिकडे सगळे स्कॅफोल्डिंग म्हणतात ते. मी संगमेश्वराकडचा, आठवी नापास. शटरिंगचा सुतार म्हणून आलो आणि दहा वर्षांत स्वतःची अठरा माणसं उभी केली. माझा अख्खा धंदा 'साधारण'वर चाललेला. समोरचा शंभर म्हणाला की मला साठ ऐकू यायचे, आणि मी साठ म्हणालो की त्याला ऐंशी ऐकू यावेत अशी माझी अपेक्षा असायची. असा मी आणि असे ते. आमचं नऊ हिवाळे जमलं. मग एक दिवस त्यांनी मला तोडलं, आणि का तोडलं ते सांगायचीही तसदी घेतली नाही. तो राग मी पुष्कळ वर्षं सांभाळला.

एकदा मी त्यांना मासळीबाजारात नेलं होतं. मासेवाल्याने एका सुरमईचे चाळीस दिरहम सांगितले. साहेबांनी पाकीट काढलं आणि चाळीस दिले. मी ओरडलो, "अहो, चाळीस दिरहम म्हणजे साडेचारशे रुपये झाले. एका माशाचे?"

"आजच्या भावाने चारशे चाळीस," साहेब म्हणाले.

मी मासेवाल्याशी भांडून दहा दिरहम परत आणले. साहेब गाडीत बसल्यावर म्हणाले, "शेठ, त्याने आकडा सांगितला. तुम्ही त्याला खोटं ठरवलंत."

"खोटाच होता तो आकडा. बघा, दिले की नाही त्याने दहा परत."

"हो ना. म्हणून तर वाईट वाटलं."

हे असं. त्या सुरमईचा एक तुकडा वहिनींनी माझ्या घरी पाठवला, आणि डब्यावर चिठ्ठी लावली होती: 'तुम्ही आणलेल्या दहा दिरहमचा'. वहिनींना विनोद कळायचा. साहेबांना कळायचा की नाही, ते मला शेवटपर्यंत नक्की सांगता आलं नाही.

माझी माणसं त्यांना पाकोळीसाहेब म्हणायची. आमच्याकडे लहान वटवाघळाला पाकोळी म्हणतात. कारखान्यामागे एक वादी होती, म्हणजे पाऊस पडला तरच वाहणारा कोरडा ओढा. त्या वादीच्या वरच्या अंगाला, खाणीने सोडून दिलेल्या बाजूला, एक गुहा होती. तोंड इतकं ठेंगणं की ओणवं होऊन आत जावं लागे. आत गेल्यावर मात्र छत उंच, आणि त्या छताला हिवाळाभर लांब शेपटीची वटवाघळं झोपलेली असत. साहेब ती मोजत. हिवाळ्यातून दोनदा, डिसेंबरात एकदा आणि फेब्रुवारीत एकदा. तिसऱ्यांदा कधीही नाही.

आमची ओळख त्यातूनच वाढली. गुहेत एकट्याने जायचं नाही असा त्यांचा स्वतःचाच नियम होता आणि त्या रस्त्यावर त्यांची छोटी गाडी चढत नव्हती. माझ्याकडे पिकअप होती. मी म्हणालो, "साहेब, फुकट कोणी कोणाचं काही करत नाही." त्यांनी विचारलं, "मग काय हवं?" मला हवी होती इंग्रजी पत्रं. मुख्य ठेकेदार माझी बिलं अडवून बसायचे आणि मला हिंदीत शिव्या देण्यापलीकडे काही लिहिता येत नव्हतं. ठरलं: एका फेरीला एक पत्र. मी आधी दोन म्हणालो आणि सवयीने स्वतःच एकावर उतरलो. त्यांनी घासाघीस न करता दोनही दिली असती हे मला नंतर कळलं, तेव्हा एकावर मान्य झाल्याचा मला फार पश्चात्ताप झाला.

त्यांच्या पत्रात 'फार दिवसांपासून' असं कधी नसे. 'त्रेपन्न दिवसांपासून' असे. गंमत म्हणजे त्या त्रेपन्नला ठेकेदार घाबरत.

मोजणीचा त्यांचा थाट बघण्यासारखा होता. दिवाळीच्या मिठाईच्या खोक्यावरचा लाल जिलेटीन कागद ते टॉर्चला रबराने बांधत, म्हणजे झोपलेल्यांना उजेड टोचत नाही. खिशात चिंचोके. दहा वटवाघळं झाली की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. यंत्राची टिकटिक नको आणि तोंडाने पुटपुटणं नको. आत बोलायचं नाही, खोकायचं नाही, बारा मिनिटांत बाहेर. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा घामाने भिजलो. बाहेर जानेवारीसारखी थंडी आणि आत पंखा लावावा असं ऊबदार.

"म्हणूनच ती इथे येतात," साहेब बाहेर आल्यावर म्हणाले. "बाहेर दहा असताना आत पंचवीस असतं. डोंगराची ऊब आहे ही. अख्ख्या वादीत एवढी एकच जागा."

"आणि बारा मिनिटंच का? झोपलेलीच तर आहेत."

त्यांनी माझ्या पिकअपच्या टाकीवर टिचकी मारली. "तुम्ही भरल्या टाकीने पार तिकडे लांब रुवैसला निघालात आणि वाटेत एकही पंप नाही, असं समजा. हिवाळ्याआधी यांनी शेपटीच्या बुडाशी चरबी साठवलेली असते, तीच टाकी. एकदा दचकून जागं झालं की त्यातली बरीच जळते. चार-पाचदा..." ते थांबले. स्वतःच 'चार-पाचदा' म्हणाल्याचं त्यांच्या लक्षात आलं होतं. "किती वेळा जागं झालं तर मार्च गाठता येत नाही, ते मला अजून माहीत नाही," असं त्यांनी वाक्य दुरुस्त केलं.

आकडे एका जाड रजिस्टरात जात. तारीख, आतलं तापमान, जिवंत, मेलेली, शेरा, आणि शेवटचा रकाना 'सोबत'. एकही घर रिकामं नसे. मेलेलं एकही नसलं तर रेघ मारून मोकळे होत नसत, 'शून्य' असं अक्षरात लिहीत. 'सोबत'च्या रकान्यात माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. सुरुवातीच्या हिवाळ्यात चारशेच्या वर असलेला आकडा दरवर्षी थोडा थोडा उतरत होता, आणि हा माणूस त्यापायी झुरत होता. सुरुंगांचा हादरा, खाणीची धूळ, शेतांवरची औषधं, एकेक कारण ते तपासत. परदेशातली काही अभ्यासू मंडळी होती, त्यांना ते दरवर्षी आकडे पाठवत. ती मंडळी आपले आकडे खरे मानतात, याचा त्यांना जेवढा आनंद होता तेवढा पगारवाढीचा झालेला मी पाहिला नाही. त्यांना खात्री होती की अजून काही वर्षं मोजलं तर कारण सापडेल, कारण सापडलं तर गुहेचं रक्षण करायला कोणाला तरी पटवता येईल. आयुष्यात एवढं एकच मागणं होतं त्यांचं.

मुलगी म्हणायची, "बाबा, दे आर जस्ट बॅट्स."

"हो," ते म्हणायचे. "पण किती?"

एका वर्षी त्यांनी इंटरनेटवर वाचलं की अमेरिकेत गुहांमधून झोपलेल्या वटवाघळांच्या नाकावर पांढरी बुरशी येते आहे आणि ती ढिगांनी मरताहेत. झालं. तेव्हापासून पिकअपमागे ब्लीचची बादली आली. गुहेत जाण्याआधी बूट बुडवायचे, आल्यावर पुन्हा बुडवायचे. मी म्हणालो, "साहेब, अमेरिकेतला रोग माझ्या बुटाला कुठून लागणार? मी अजमानच्या पलीकडे गेलो नाही महिनाभर." ते म्हणाले, "लागणार नाही हे मोजून दाखवता येतं का?" मी बूट बुडवले. माझ्या चांगल्या बुटांचा रंग गेला. त्याबद्दल मी एक पत्र जास्तीचं लिहून घेतलं.

मग दोन हजार आठची मंदी आली. दुबईतल्या एका टॉवरचं काम मी घेतलं होतं, रास अल खैमाच्या बाहेरचं माझं पहिलं मोठं काम. तो टॉवर बाराव्या मजल्यावर थांबला. मुख्य ठेकेदाराचा मुदीर, म्हणजे मॅनेजर, रोज म्हणायचा, "बुकरा, इन्शाल्ला." उद्या नक्की. मग एक दिवस त्याच्या ऑफिसाला कुलूप. साहेबांनी माझ्यासाठी सात पत्रं लिहिली, एकाही फेरीशिवाय. घेणारच कोणी नव्हतं. माझी बरीच माणसं कशीबशी परत गेली किंवा दुसरीकडे चिकटली. उरले चार जण, चिपळूण-गुहागरकडचे. त्यांचे पासपोर्ट त्या कुलपाच्या आत आणि व्हिसा संपलेले. लेबर कॅम्पची वीज आणि पाणी तोडलं, मग मालकाने दारं काढून नेली. जानेवारी होता. डोंगराकडून असा वारा यायचा की दात वाजायचे. त्यातल्या एकाला खोकला लागलेला.

माझ्या घरी आम्ही तिघं एका खोलीत, खाली पोलिसांची चौकी. कुठे ठेवू चौघांना? आणि मला साहेबांचे शब्द आठवले. बाहेर दहा असताना आत पंचवीस.

मी त्यांना गुहेत नेलं. माझ्या परीने सगळं समजावलं. आत बोलू नका, वर उजेड मारू नका, दिवसा झोपा, अंधार पडल्यावर पाण्याला बाहेर पडा. मला प्रामाणिकपणे वाटलं होतं की झोपलेल्या पाखरांना खाली झोपलेल्या माणसांचा काय त्रास? बूटसुद्धा ब्लीचमध्ये बुडवायला लावले मी त्यांना. आज हसू येतं. चूल कुठे पेटवायची ते सांगायचं मात्र राहून गेलं. त्यांनी वाऱ्यापासून आडोसा म्हणून गुहेच्या तोंडाशी, आतल्या अंगाला, लाकडं पेटवून चहा-भाकरी सुरू केली. धूर आणि राख वारा आत ओढून नेत होता.

फेब्रुवारी आला. साहेब म्हणाले, "शनिवारी सकाळी."

"साहेब, क्लच गेलाय गाडीचा. मार्चमध्ये जाऊ."

"मार्चमध्ये ती जागी होतील."

"मग यंदा राहू द्या ना. एक आकडा राहिला तर काय आभाळ कोसळणार आहे?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. मला वाटलं विषय मिटला. चार दिवसांनी कॅन्टीनमध्ये कळलं की ते कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरला त्याच्या जीपसकट घेऊन शनिवारी जाऊन आले. त्या केरळी ऑफिसरनेच सांगितलं. साहेब एकटे आत गेले, हा तोंडाशी थांबला. बाहेर आले तेव्हा हातातल्या पिशवीत मेलेली वटवाघळं, नाकं पांढरी. म्हणाले, रोग आलाय. आत कोणी पाऊल टाकायचं नाही, हा भयंकर पसरतो. ऑफिसरने घाबरून दोन वेळा बूट धुतले आणि वादीच्या तोंडालाच पिवळी टेप बांधून बोर्ड लावला.

मी धावत माझ्या माणसांकडे गेलो. "शनिवारी कोणी आलं होतं?"

"नाय दादा," एक जण म्हणाला. "आमी निजलेलो."

मी सुटकेचा श्वास सोडला आणि मग मला हसू फुटलं. हा एवढा मोठा केमिस्ट, जन्मभर राख आणि चुना तपासणारा, आणि चुलीची राख बघून रोग समजला. दोन पावलं आत जाऊन घाबरून परत फिरला असणार. बोर्डामुळे माझं उलट बरंच झालं. वादीत गस्त घालणारे पोलिसही टेपच्या अलीकडून परतू लागले.

पुढच्या आठवड्यात माणसं म्हणाली, "दादा, शेगडी बरी पाठवलीत. आता धूर नाय." गुहेबाहेरच्या दगडाआड कोणीतरी गॅसची छोटी शेगडी, तांदूळ, डाळ आणि खोकल्याचं औषध ठेवून गेलं होतं. त्यानंतरही दर गुरुवारी पिशवी यायची. गावातल्या मशिदीची माणसं असतील असं मला वाटलं. पण मीच पाठवली असं चौघं समजत होते, आणि मी नाही म्हटलं नाही.

मार्चमध्ये मी पिकअप विकली, वकिलातीतून कागद करून घेतले आणि चौघांना विमानात बसवलं.

इथपर्यंत माझी काही तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. साहेबांनी मला बोलावणं बंद केलं. समोर आले तर "नमस्कार," आणि पुढे. डिसेंबर आला, त्यांनी कोणाची तरी जुनी जीप घेतली आणि एकटेच गेले. स्वतःचा नियम मोडून. नऊ हिवाळे मी त्यांच्याबरोबर घाम गाळला होता. माझं सगळं बुडालं तेव्हा या माणसाने चहालासुद्धा विचारू नये? एक दिवस माझा तोल गेला. सरळ प्रयोगशाळेत घुसलो. दोन फिलिपिनो पोरी नमुने चाळत होत्या, त्यांच्यासमोर ओरडलो, "माझं काय चुकलं ते तोंडावर सांगा. पाठ काय फिरवता?"

ते काचेच्या नळीतून थेंब थेंब आम्ल सोडत होते. हात थांबवला नाही. म्हणाले, "शेठ, तुम्हाला मला काही सांगायचं आहे का?"

"मला काय सांगायचं असणार?"

"नक्की?"

"नक्की म्हणजे नक्की."

"ठीक," ते म्हणाले आणि पुन्हा थेंब मोजू लागले. मी दार आपटून निघालो. माफी मागायची संधी या माणसाने दिली नाही असं मी पुढे दहा वर्षं लोकांना सांगत होतो.

ते निवृत्त होऊन पुण्याला गेले. गेल्याचंही मला उशिरा कळलं.

मी पुन्हा उभा राहिलो. अठराची चाळीस माणसं झाली. मागच्या नोव्हेंबरात त्यांच्या मुलीचा फोन आला, साहेब वारल्याचा. ती आता दुबईत जुमेरा लेक टॉवर्समध्ये कुठल्याशा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे. मी गेलो. खाली कॉफीच्या दुकानात तिने एक पिशवी माझ्यापुढे ठेवली. "अंकल, बाबा वॉन्टेड यू टू हॅव धिस."

रजिस्टर होतं. मी विचारलं, "शेवटपर्यंत मोजत होते का ग?"

"इथे होते तोपर्यंत. त्यांच्या लास्ट विंटरला एकोणीस होती ओन्ली." मग कप फिरवत म्हणाली, "पण नोबडी टुक हिज नंबर्स आफ्टर दॅट डिसीज थिंग. बोर्डाची न्यूज तिकडे पोचली, मग त्या फॉरेनच्या लोकांनी सॅम्पल मागितलं, फंगसचं. बाबांनी पाठवलंच नाही. दे वेटेड, मग दे सेड हिज डेटा इज नॉट रिलायेबल. सगळी वर्षं काढून टाकली त्यांनी. ही नेव्हर फॉट. आय वॉज सो अँग्री विथ हिम."

"का नाही पाठवलं?"

"तेच तर. आई विचारायची तर म्हणायचे, माझ्याकडे नाही."

मी रजिस्टर घेऊन पार्किंगमध्ये गाडीत बसलो. त्या फेब्रुवारीचं पान शोधायला वेळ लागला नाही. अक्षर नेहमीसारखं, मोत्याच्या दाण्यासारखं. तारीख. आतलं तापमान. जिवंत: दोनशे सहा. मेलेली: एक्याण्णव. म्हणजे दोन पावलांवरून परत फिरले नव्हते. शेवटच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन मोजलं होतं.

शेरा: 'पांढरी पूड. भिंगाखाली बुरशीचे धागे नाहीत, कोळशाचे कण आहेत. आम्लात फसफसते. लाकडाची राख. रोग नाही. ऑफिसरला रोग सांगितलं.'

हे शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. पुढची पानं उलटली. त्यानंतरच्या प्रत्येक हिवाळ्यात 'सोबत'च्या रकान्यात 'कोणी नाही' असं अक्षरात लिहिलेलं. मग मागे आलो. त्या फेब्रुवारीच्या ओळीत तो शेवटचा रकाना माझा वाचायचाच राहिला होता. तिथे सेफ्टी ऑफिसरचं नाव असणार असं मी धरून चाललो होतो. नव्हतं. तो आत गेलाच नव्हता, तेव्हा साहेबांच्या हिशेबी तो सोबत नव्हता.

तिथे लिहिलं होतं: 'शेठची माणसं, चार. चौघेही जिवंत. झोपलेली होती. उठवलं नाही.'